आपत्तीत रेडिओ चालवणारा माणूस तुमच्याकडे नोकरीला असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातले बहुतेक दिवस ही मंडळी तुमच्या लेखा विभागात, गोदामात, वॉर्डात किंवा सर्व्हर रूममध्ये मुकाट्याने काम करत असतात. मग एखाद्या रात्री मोबाइलचे टॉवर गप्प होतात आणि त्यांना बोलावणं येतं. मी स्वतः हॅम आहे आणि पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज तपासतो. त्यामुळे हे प्रश्न टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकत आलोय.

आमच्याकडचा एकजण ‘मी हॅम आहे’ म्हणतो. म्हणजे नक्की काय?

हौशी रेडिओ चालवण्याचा परवाना असलेला माणूस. बहुतेक ठिकाणी हा परवाना परीक्षा देऊन मिळतो आणि त्याबरोबर एक कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची स्वतःची ओळख, मिळते. ‘हौशी’ या शब्दावरून गैरसमज करून घेऊ नका. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या नियमांत या सेवेची व्याख्या स्पष्ट आहे: स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क साधणं आणि तांत्रिक प्रयोग करणं, तेही आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता. पैसे घेत नाही म्हणून हौशी, एवढंच. ही व्याख्या लक्षात असू द्या, पुढे एका उत्तरात ती मालकांच्याच आड येणार आहे.

सगळेच हॅम आपत्तीत काम करतात असं मात्र नाही. कुणी दूरदेशी संपर्क साधण्यात रमतो, कुणी उपग्रहामार्फत बोलतो, कुणी नुसता सोल्डरिंग करत बसतो. इथे आपण बोलतोय ते एखाद्या आपत्कालीन गटात नाव नोंदवलेल्या, सराव करणाऱ्या आणि बोलावलं तर जाणाऱ्या लोकांबद्दल.

आता मोबाइल आहे, सॅटेलाइट फोन आहे. याची गरज उरलीय का?

मोबाइलच्या टॉवरला वीज लागते, मागे फायबर किंवा मायक्रोवेव्हचा दुवा लागतो आणि कुठेतरी चालू असलेलं एक्सचेंज लागतं. यातलं एक तुटलं की हातातला फोन म्हणजे नुसती टॉर्च. शाबूत राहिलेल्या टॉवरवर सगळा गाव एकदम तुटून पडतो, ते वेगळंच. सॅटेलाइट फोन चांगलाच आहे, पण तो एका माणसाला एका माणसाशी जोडतो. रेडिओवर एकजण बोलतो आणि त्या वारंवारितेवरचे पंचवीस जण एकाच वेळी ऐकतात. पूल वाहून गेला हे पंचवीस वेळा सांगावं लागत नाही.

हॅमला लागतं ते थोडकं: १२ व्होल्टची बॅटरी, ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा एकच संच), तार आणि दोन्ही टोकांना सराव असलेला माणूस. सात मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना, साधारण २० मीटर लांबीचा होतो. तो मुद्दाम कमी उंचीवर बांधला की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात पसरतात, मधले डोंगर ओलांडून. याला एनव्हीआयएस म्हणतात. गावातल्या गावात हातातला पाच वॅटचा सेट आणि उंचावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा पुढे पाठवणारा संच, यांवर भागतं. रिपीटर पडला तर सिम्प्लेक्सवर, म्हणजे सेटवरून थेट सेटवर.

प्रत्यक्षात हे वारंवार घडलेलं आहे. १९५३ मध्ये उत्तर समुद्राच्या महापुराने इंग्लंडचा पूर्व किनारा झोडपला आणि त्यातूनच त्या वर्षी तिथे ‘रेनेट’ हे हॅम स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालचा हॅमचा एक गट पोर्ट ब्लेअरमध्ये होता. आला होता छंदापायी, अंदमानातून जगाशी संपर्क साधायला. भूकंपानंतर त्याच रेडिओवरून बेटांचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिकोची वीज आणि फोन दोन्ही गेले, तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसने हॅम संघटनेकडे, म्हणजे एआरआरएलकडे, ५० ऑपरेटर मागितले. कशासाठी, तर ‘मी सुखरूप आहे’ हे लोकांचे निरोप बाहेर पोचवायला. अशा वेळी ५० जण येतात कुठून? कुणाच्या तरी नोकरीतूनच.

तिथे जाऊन ही मंडळी करतात काय?

बहुतेक वेळ ऐकतात. एका वारंवारितेवर जमलेल्या सगळ्यांना मिळून नेट म्हणतात; नेट कंट्रोल नावाचा एक ऑपरेटर कोणी कधी बोलायचं ते ठरवतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत गप्प. निरोप ठरलेल्या फॉर्मवर लिहून घ्यायचा, वेळ टाकायची, जसाच्या तसा पुढे द्यायचा, पोचल्याची खात्री करून लॉगमध्ये नोंद करायची. एआरआरएलच्या रेडिओग्रामवर निरोपाची निकड लिहिण्याची जागा असते आणि एकूण शब्दसंख्याही लिहितात. पलीकडच्याने मोजलेले शब्द जुळले नाहीत तर काहीतरी गळलंय हे लगेच कळतं. ‘ओ निगेटिव्ह रक्त १२ पिशव्या’ यातला एक शब्द गळाला तर काय होईल, विचार करा.

काम कंटाळवाणं आणि नेमकेपणाचं आहे. तुमच्या लेखा विभागातले लोक त्यात चांगले का ठरतात हे यावरून कळेल.

बोलावणं खरं आहे हे कसं ओळखायचं?

चांगल्या गटाचा पहिला नियम म्हणजे न बोलावता जायचं नाही. बोलावणं आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडून, मदत संस्थेकडून किंवा रुग्णालयाकडून गटाच्या समन्वयकाला येतं आणि त्याच्याकडून तुमच्या माणसाला. तेव्हा समन्वयकाचं नाव आणि संपर्क आधीच घेऊन ठेवा आणि काम संपल्यावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामावर होते’ असं पत्र मागा. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. ‘टीव्हीवर पूर पाहिला, निघतो’ म्हणणारा असेल तर त्याला नाही म्हणा. त्याचा गटही हेच म्हणेल.

रजा कोणती द्यायची? पगारी की बिनपगारी?

आधी तुमच्या देशाचा कायदा पाहा, कारण काही ठिकाणी हा तुमच्या मर्जीचा प्रश्नच नाही. ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या फेअर वर्क कायद्यात मान्यताप्राप्त संस्थेमार्फत आपत्कालीन स्वयंसेवा करणाऱ्याला कामावरून गैरहजर राहण्याचा हक्क आहे. ही रजा बिनपगारी आहे, पण तिला दिवसांची ठरलेली कमाल मर्यादा नाही. जर्मनीत टीएचडब्ल्यू या तांत्रिक मदत दलाच्या स्वयंसेवकाचा पगार मालक चालू ठेवतो आणि खाजगी मालकाला ती रक्कम मागणी केल्यावर परत मिळते. दोन देश, दोन तऱ्हा.

कायदा गप्प असेल तिथे माझं मत असं: वर्षाला पाच दिवस पगारी, त्यापुढे बिनपगारी, आणि नोकरी, ज्येष्ठता, बढती यांना धक्का नाही. पाच हा आकडा काही पवित्र नाही, तीनही चालतील. पण आकडा कागदावर असू द्या. ‘त्या वेळी बघू’ हे मालकांचं सर्वात आवडतं उत्तर आणि सर्वात निकामीही. त्या वेळी बघायला साहेबांचा फोन लागत नसतो.

एक बारकावा. नोकरीचा पगार चालू ठेवणं वेगळं आणि रेडिओ चालवल्याबद्दल तासाला अमुक असा मोबदला देणं वेगळं. दुसऱ्याने त्याचा परवाना अडचणीत येऊ शकतो. वरची व्याख्या आठवा.

एकदा गेला की किती दिवस येणार नाही?

स्थानिक प्रसंग असेल तर सहसा एक-दोन दिवस. वीज आणि फोन परत येऊ लागले की रेडिओचं काम झपाट्याने कमी होतं. मोठ्या प्रसंगात मात्र प्वेर्तो रिकोसारखी तीन आठवड्यांपर्यंतचीही मागणी येते. इतका काळ सोडणं जमणार नसेल तर तसं आधीच सांगा; गट लोकांना आळीपाळीने पाठवतात, कोण किती दिवस मोकळा आहे हे त्यांना ठाऊक असलं म्हणजे झालं.

रात्री रेडिओवर बसला होता, सकाळी कामावर आलाय. चालेल का?

नाही. मशीनवर, गाडीवर किंवा रुग्णाजवळ काम असेल तर मुळीच नाही. आठ तासांची पाळी माणूस निभावतो, बारा तास म्हणजे टोक, आणि खरखरीतून शब्द वेचत बसणं नुसत्या जागरणापेक्षा जास्त थकवतं. ऑस्ट्रेलियाच्या त्या कायद्यात जाण्यायेण्याचा वेळ आणि कामानंतरची वाजवी विश्रांतीही रजेत धरली आहे. मला त्यातलं हे कलम सर्वात शहाणपणाचं वाटतं. बाकी कुठलंही धोरण आखताना निदान एवढं उचलाच.

सरावालाही सुट्टी द्यायची? तो तर छंद झाला!

हा प्रश्न हमखास येतो, आणि माझ्या मते गाडी इथेच अडते. आपत्तीच्या दिवशी माणूस सोडायला कुणी सहसा नाही म्हणत नाही, लाज वाटते. पण एखाद्या शनिवारी पूर्ण दिवस सराव आहे म्हटलं की कपाळावर आठ्या. तहान लागल्यावर विहीर खोदायची नसेल तर हा शनिवारच महत्त्वाचा.

माझाच अनुभव सांगतो. एका जुन्या नोकरीत वरिष्ठांनी तीन सराव नाकारले. चौथ्या वेळी खरंच पाणी भरलं आणि त्यांनी मोठ्या मनाने ‘जा, लागतील तेवढे दिवस घे’ म्हणून पाठवलं. मी गेलो. मधल्या काळात गटाने निरोपाचा फॉर्म बदलला होता, रिपीटरचा टोन, म्हणजे तो उघडायला सेटने पाठवायचा ठरावीक सूर, बदलला होता, आणि मला दोन्ही माहीत नव्हतं. पहिला अर्धा तास मी रिपीटर उघडेना म्हणून सेटला शिव्या घालत होतो. शेवटी शेजारच्या विशीतल्या मुलीने सेट माझ्या हातातून घेऊन टोन बदलून दिला. त्या अर्ध्या तासात माझ्या टेबलावर पाच निरोप पडून होते.

सरावात नेमकी हीच धूळ झटकली जाते: बॅटरी खरंच किती तास टिकते, कोॲक्सचा, म्हणजे अँटेनाच्या केबलचा, कुठला कनेक्टर सैल आहे, कुणाचा आवाज घाईत चिरकतो. अमेरिकेत १९३३ पासून चालत आलेला ‘फील्ड डे’ हा मोठा सराव जूनमधल्या एका शनिवार-रविवारी असतो, म्हणजे बहुतेकांच्या सुट्टीतच. रेडिओवरच्या नियमित नेट संध्याकाळी तासाभरात उरकतात. तेव्हा मालकाकडे मागणी असते ती वर्षाला दोन, फार तर तीन दिवसांची आणि शिफ्ट बदलून देण्याच्या मोकळेपणाची. हे दिवस प्रशिक्षणाच्या खात्यात टाका. प्रथमोपचाराच्या किंवा अग्निशमनाच्या प्रशिक्षणाला कुणी छंद म्हणत नाही.

सरकारांनीही हे मान्य केलेलं आहे. आयटीयूच्या नियमांत २००३ साली एक कलम आलं: हौशी केंद्रांना आपत्तीच्या वेळी मदत करता यावी आणि त्यासाठी तयारी करता यावी म्हणून देशांनी आवश्यक ती पावलं उचलावीत. ‘तयारी’ हा शब्द तिथे उगाच नाही.

मग त्याच्या रेडिओवरून आम्ही कंपनीचेही निरोप पाठवले तर? माल कुठे अडकलाय वगैरे?

हीच ती आड येणारी व्याख्या. हौशी वारंवारिता धंद्यासाठी नाहीत. ट्रक कुठे आहे, ऑर्डर पोचली का, शिफ्टला कोण येतंय, यातलं काहीही तिथे चालत नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट निराळी. रोजच्या कामाला रेडिओ हवा असेल तर व्यावसायिक परवाना काढा, त्यासाठी वेगळ्या वारंवारिता असतात.

मधला एक करडा पट्टा आहे तो रुग्णालयांसारख्या मालकांचा. तिथला पगारी कर्मचारी हॅम आहे आणि रुग्णालयाच्याच आपत्कालीन सरावात रेडिओ चालवतोय, हे मालकासाठी बोलणं झालं की नाही? अमेरिकेत यावर बराच खल होऊन २०१० मध्ये एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाने नियम बदलला. सरकार-पुरस्कृत सरावात कर्मचारी मालकाच्या वतीने बोलू शकतो. बिगर-सरकारी सराव असेल तर आठवड्याला एक तास, शिवाय वर्षातून दोनदा जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत. इतर देशांत रेषा वेगळीकडे आखलेली असेल. तेव्हा सराव ठरवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला एक पत्र टाका आणि उत्तर फाइलला लावून ठेवा.

आणखी एक: हॅमचं बोलणं उघडं असतं, कुणीही ऐकू शकतं. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्यामुळे रुग्णाचं नाव, आजार किंवा ग्राहकाची माहिती हवेत जाता कामा नये. ‘१४ नंबरचा निरोप फॉर्मप्रमाणे’ अशा युक्त्या ऑपरेटरला माहीत असतात. त्याला घाईत ओरडून नावं सांगायला लावू नका.

उपकरणं कंपनीने द्यावीत का?

द्यायचीच असतील तर आधी विचारा. बहुतेक हॅमचा स्वतःचा संच असतो आणि तो त्यांना दुसऱ्याच्या भारी संचापेक्षा प्रिय असतो. उपयोगी पडतात त्या साध्या वस्तू: चांगली बॅटरी, चार्जर, कोॲक्सचं भेंडोळं, हेडफोन, पाऊस झेलणारी पेटी. १०० वॅटचा लांब पल्ल्याचा (एचएफ) ट्रान्सीव्हर बोलताना सुमारे २० अँपिअर ओढतो आणि ऐकताना एक-दोन, म्हणजे सगळं गणित बॅटरीपाशी येऊन थांबतं.

आणि कृपा करून यूपीएसमधून काढलेल्या जुन्या बॅटऱ्या दान करू नका. आम्ही आभार मानून घेतो आणि पुढची दोन वर्षं त्या टाकायच्या कुठे याचा विचार करतो.

इमारतीच्या छतावर अँटेना लावू द्यावी का?

शक्य असेल तर हो. उंच छत ही पैशाने सहज न मिळणारी देणगी आहे. विजेच्या तारांपासून लांब, नीट अर्थिंग, वीज पडण्यापासून संरक्षण, आणि लेखी करार: देखभाल कोणाची, काढायची वेळ आली तर मुदत किती, छतावर जायला किल्ली कोणाकडे. जवळच फायर अलार्मचं वायरिंग असेल तर सगळ्या बँडवर बोलून एकदा चाचणी घ्या. ट्रान्समिट बटण दाबल्यावर अलार्म वाजलेली इमारत मी पाहिली आहे. चार मजले खाली उतरले होते.

तिथे अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

तुमचा विमा तुमच्या कामापुरता असतो आणि हे तुमचं काम नाही. गटाचा किंवा बोलावणाऱ्या संस्थेचा विमा आहे का, हे कर्मचाऱ्याने आधी लेखी विचारून घ्यावं. तुमच्या विमा कंपनीलाही विचारा. कंपनीची गाडी घेऊन जाऊ देणार असाल तर नक्कीच.

त्याच वेळी आम्हालाच माणूस कमी पडत असेल तर?

असं होणारच. जी आपत्ती त्याला बोलावते ती बहुधा तुमच्याही दारात असते. रुग्णालय, वीजपुरवठा, पाणीपुरवठा अशा ठिकाणी तर तोच माणूस दोन्हीकडे हवा असतो. इथे नोकरी आधी, हे मी हॅम असूनही म्हणतो. पण हे शांतपणे आधी ठरवा आणि त्याच्या गटालाही कळवा, म्हणजे गट त्याला यादीत खालच्या क्रमांकावर ठेवेल. दोन ठिकाणी मोजलेला माणूस कुठल्याच ठिकाणी नसतो.

आमच्याकडे पाचच माणसं आहेत. हे आम्हाला कसं परवडणार?

पगारी रजा नाही परवडणार कदाचित. मग शिफ्ट बदलून द्या, नंतर भरून काढू द्या, किंवा आठवड्यातून एक संध्याकाळ वेळेवर सोडा. नेटच्या वेळेला दर वेळी ‘फक्त दहा मिनिटं’ थांबवून ठेवणारा साहेब रजा नाकारणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

बाकीचे कुरकुरतात, त्याचं काम आमच्यावर पडतं म्हणून.

बरोबरच आहे त्यांचं. कोणाचं काम कोणाकडे जाणार याची यादी आधी करा आणि ते ज्यादा काम मोजा. सवलत फक्त रेडिओवाल्यांना न ठेवता रक्तदान, अग्निशमन, शोध-बचाव अशा सगळ्या स्वयंसेवेला एकच ठेवली तर निम्मी कुरकुर आपोआप जाते.

कंपनीच्या नावाचे टी-शर्ट घालून पाठवू का?

नको.

कर्मचारी म्हणून मी साहेबांपुढे हा विषय कसा काढू?

पूर आलेला नसताना. एका पानावर लिहून द्या: परवाना आणि गटाचं नाव, समन्वयकाचा संपर्क, वर्षाला साधारण किती दिवस, सरावाच्या तारखा, माझं काम कोण बघेल, आणि कोणत्या काळात मी बोलावलं तरी जाणार नाही. वर्षअखेरीचा हिशेब असतो तेव्हा नाही, तपासणी असते तेव्हा नाही. हा शेवटचा मुद्दा स्वतःहून लिहिलात की अर्धी लढाई तिथेच जिंकलात, कारण नकार द्यावा लागण्याची भीती साहेबाला तुमच्यापेक्षा जास्त असते. आयनोस्फिअर समजावून सांगू नका. विचारलं तरच.

फोन बंद असतील तर तो आम्हाला कळवणार कसा?

कळवणारच नाही कदाचित, आणि त्याला गैरहजर मांडण्याआधी हे लक्षात घ्या. नियम आधी ठरवा: परिसरात आपत्ती जाहीर झाली, फोन बंद आहेत आणि तो गटाच्या यादीवर आहे, तर पहिले २४ तास तो स्वयंसेवेवर आहे असं धरायचं. संपर्क सुरू होताच त्याने कळवायचं, पत्र नंतर आणायचं. हे एका ओळीत लिहून हजेरी ठेवणाऱ्याच्या टेबलाच्या काचेखाली सरकवा, छापील. त्या दिवशी संगणकही बंद असेल.